नगरच्या छापखान्यातला नवरा

नीलाबाई रणनवरे दिल्लीत बायबल-बाई होत्या. आज हा हुद्दा सांगितला तर ऐकणारा गोंधळतो, पण एकोणीसशे पासष्ट साली तो होता आणि त्याला रीतसर नेमणुकीचं पत्र मिळत असे. काम असं, की खांद्याला कापडी पिशवी अडकवायची, पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तकं घ्यायची आणि घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवायचं. बायकांनी ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं, तर त्यांचं आपण ऐकून घ्यायचं. नीलाबाईंचा हातखंडा या शेवटच्या कलमात होता.

दर गुरुवारी त्या लक्ष्मीबाई नगरात येत. तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये निरनिराळ्या प्रांतांतून बदली होऊन आलेली माणसं राहत, त्यात मराठी घरं बरीच. चार वर्षांत या घरांमधून किती जणी ख्रिस्ती झाल्या, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. एकही नाही. पण कुणाची सासू कशी वागते, कुणाच्या नवऱ्याला प्रमोशन का मिळालं नाही, कुणाला तिसरं मूल नको आहे, हे सगळं नीलाबाईंना ठाऊक होतं. त्या बोलत कमी आणि कुठली गोष्ट या घरातून त्या घरात नेत नसत. एवढ्या दोन गुणांवर बाई कुठल्याही दारात उभी राहू शकते.

सगळ्यांत हक्काचं घर अलकनंदाबाई टिपणिसांचं. यजमान भाऊसाहेब अन्नखात्यात अंडर सेक्रेटरी, घरात म्हाताऱ्या सासूबाई आणि मुलगा श्रीरंग. नीलाबाई पहिल्यांदा तिथून निघाल्या तेव्हा अलकनंदाबाई रिवाजाप्रमाणे कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"आमच्यात लावत नाहीत," नीलाबाई म्हणाल्या.

हे खरं होतं. त्या तिसऱ्या पिढीच्या नगरकडच्या ख्रिस्ती. त्यांच्या आजीनं बाप्तिस्म्याच्या दिवशी कुंकू पुसलं, ते घराण्यात पुन्हा कुणी लावलं नाही. अलकनंदाबाईंनी करंडा ठेवला आणि सहज विचारलं, "मिस्टर काय करतात तुमचे?"

"छापखान्यात असतात. नगरला, मिशनच्या."

हे मात्र खोटं होतं. नवरा छापखान्यात कंपोझिटर होता खरा, पण तो विषमज्वरानं जाऊन त्या वेळी दोन वर्षं होऊन गेली होती. बायबल-बाईनं खोटं बोलावं, तेही पिशवीत चार शुभवर्तमानं असताना, हे बरं नव्हे. पण तोंडातून गेलं ते गेलं. त्याला कारणही होतं. नवरा गेल्यावर सहाच महिन्यांनी राहुरीला दिराच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या वेळी नीलाबाई पुढे झाल्या, तेव्हा चुलतसासूनं हळूच दंडाला धरलं आणि म्हणाली, "तू जरा मागं थांब." ही चुलतसासू चर्चच्या पाळकाची बायको. दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारी. कुंकू तीन पिढ्यांपूर्वी सुटलं होतं, मागं थांबणं सुटलं नव्हतं. नीलाबाई त्या दिवशी भांड्यांच्या खोलीत बसल्या आणि वर्षभरात अर्ज करून दिल्लीला आल्या. इथे त्यांच्या अंगावर वैधव्याची एकही खूण कुणाला दिसत नव्हती. कुंकू नाही, मंगळसूत्र नाही. ख्रिस्ती बायकांचं असंच असतं, असं सगळ्या धरून चालत.

एकदा छापखान्यात बसवलेला नवरा मग तिथून काढता येईना. "मिस्टर कधी येणार दिल्ली बघायला?" अलकनंदाबाई दर दिवाळीला विचारत. कधी त्याला रजा मिळत नसे, कधी छपाईचं काम तुंबलेलं असे. नीलाबाईंना या गोष्टीची लाज वाटे. पण गुरुवारी त्या घरात शिरल्या की कुठेतरी आपला नवरा कामावर आहे, असं तासभर त्यांना स्वतःलाच वाटायचं, आणि ते त्यांना सोडवत नव्हतं.

त्या जानेवारीत कॅनडाहून मिस ब्रँडन आल्या. वय शेहेचाळीस, पायात पुरुषी बूट, मराठीचा एक शब्द येत नाही आणि हिंदीचे बारा. परदेशी माणसांना परवाने मिळणं अवघड होत चाललं होतं, म्हणून मिशननं काम आटोपतं घ्यायचं ठरवलं होतं. दिल्लीत तीन बायबल-बाया होत्या, त्यांतली एकच ठेवायची होती. कोणती, ते मिस ब्रँडन ठरवणार. त्यासाठी त्या प्रत्येकीबरोबर एक दिवस फिरणार होत्या. जिला ठेवणार नाहीत तिनं आपल्या माणसांत परत जायचं. नीलाबाईंची माणसं म्हणजे राहुरीचा दीर, आणि राहुरीला त्यांची जागा कोणती ते त्यांना माहीत होतं.

तर गुरुवारी दोघी बस बदलत लक्ष्मीबाई नगरात उतरल्या. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. ऊन बरं होतं.

पहिलं घर कुलकर्ण्यांचं. दार एका सरदारणीनं उघडलं. कुलकर्ण्यांची बदली झाली होती आणि हे कुटुंब पाच दिवसांपूर्वी राहायला आलं होतं. बाईनं मिस ब्रँडनचा गोरा चेहरा पाहिला, नीलाबाईंची पिशवी पाहिली, आणि मागे वळून हाक दिली, "आ जाओ सब, टीका लगानेवाली आई हैं." घरात पळापळ झाली. एक पोर पलंगाखाली गेलं, दुसरं मोरीत. तिसऱ्याला बाईनं बखोटीला धरून बाहेर आणलं आणि त्याची बाही वर सारली. देवीची लस टोचणाऱ्या आपण नव्हेत, हे पटवायला नीलाबाईंना पाच मिनिटं लागली. ते पटल्यावर बाई नाराज झाली; पोरं पकडायची मेहनत फुकट गेली होती. तरी दोन गाजरं हातावर ठेवल्याशिवाय तिनं जाऊ दिलं नाही.

"या घरी तुम्ही नेहमी येता?" मिस ब्रँडननी गाजर खात विचारलं.

"हे घर बदललं," नीलाबाई म्हणाल्या.

दुसरं घर लता देशपांडेचं. लतानं दार वीतभर उघडलं. "नीलाबाई, आज नको प्लीज. सासरे आलेत नागपूरहून," ती कुजबुजली, आणि दार लागलं. आतून कुणीतरी कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा ती "रद्दीवाला" म्हणाली. ते दोघींनीही ऐकलं. एकीला समजलं नाही, एवढंच बरं.

मिस ब्रँडननी वहीत काहीतरी लिहिलं. तीन घरांपैकी दोन बंद. आता सगळा भरवसा टिपणिसांवर.

टिपणिसांच्या बंगलीवजा क्वार्टरसमोरच्या हिरवळीवर भाऊसाहेब खुर्ची टाकून बसले होते. अंगात सूट आणि पायात चपला. ऑफिसातून हाफ-डे घेऊन आलेल्या माणसाला घरात घेतलं नव्हतं, हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं. "आत पुरुषांना मज्जाव आहे. सुनेचं पहिलं हळदीकुंकू," ते म्हणाले. श्रीरंगचं मार्गशीर्षात पुण्याला लग्न झालं होतं. मग मिस ब्रँडन कॅनडाच्या आहेत हे कळताच भाऊसाहेब खुलले. त्यांनी यंदा तुमच्याकडे गहू कसा आहे, मॅनिटोबात पाऊस वेळेवर झाला का, बंदरात माल का अडकतो, असे प्रश्न इंग्रजीतून विचारले. मिस ब्रँडन आत्म्याविषयी बोलायला आल्या होत्या. त्यांना गव्हाविषयी काही सांगता आलं नाही. भाऊसाहेबांना कॅनडाबद्दल वाटणारा आदर तेवढ्यात थोडा उतरला.

नीलाबाईंनी काढता पाय घ्यायचं ठरवलं. हळदीकुंकवाच्या घरी त्या कधीच जात नसत. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गुरुवारी आधी विचारूनच येत. या वर्षी मिस ब्रँडनच्या धास्तीत ते राहून गेलं होतं. पण अलकनंदाबाईंनी खिडकीतून पाहिलं होतं. त्या दारातच आल्या.

"अच्छा, बाहेरच्या बाहेर चाललात होय? आणि मिसबाईंना घेऊन? या, या आत. माझ्या सुनेला बघायला कधी येणार होतात?"

आत पंधरा-वीस बायका होत्या. सतरंजीवर ताट, ताटात हळदीकुंकू, अत्तरदाणी, तिळगुळाची वाटी आणि लुटायला आणलेल्या गुलाबी प्लॅस्टिकच्या साबणदाण्या. सून सुहासिनी काळ्या चंद्रकळेत, हलव्याचे दागिने घालून उभी होती. एकोणीस वर्षांची मुलगी. दागिने हलतील म्हणून मानही वळवत नव्हती.

मिस ब्रँडनना खुर्ची दिली. एका बाईनं हळूच विचारलं, "यांचं लग्न झालंय का?"

"नाही," नीलाबाई म्हणाल्या.

"मग कुमारिका. लाव गं सुहासिनी."

नीलाबाई काही बोलायच्या आत सुहासिनीनं हळद लावली आणि त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. मिस ब्रँडननी पालम विमानतळावर पाहुण्यांना टिळा लावताना पाहिलं होतं. हे तेच, असं समजून त्या प्रसन्न हसल्या, साबणदाणी घेतली आणि "थँक यू, बहुत अच्छा" म्हणाल्या. बायका खूष झाल्या.

आणि अलकनंदाबाई नीलाबाईंकडे वळल्या. "आता तुम्ही."

"आमच्यात लावत नाहीत, ठाऊक आहे ना तुम्हाला."

"चार वर्षं हेच ऐकतेय. आज तुमच्या मिसबाईंनीच लावून घेतलं. त्या तुमच्यातल्या नाहीत का?"

बायका हसल्या. त्यांची ढाल मिस ब्रँडनच्या कपाळावर लाल होऊन बसली होती. "हिची सवाष्णींनी ओटी भरायची आहे, पहिलंच आहे तिचं, नाही म्हणू नका," असं म्हणत अलकनंदाबाईंनी सुहासिनीला पुढे केलं. मुलीचं कुंकवात बुडवलेलं बोट वर आलं.

लावून घेतलं असतं तर कुणाला काही कळणार नव्हतं. मिस ब्रँडन काही म्हणणार नव्हत्या, त्यांनी स्वतःच लावून घेतलं होतं. देवाला कुंकवाशी कर्तव्य नाही, असं नीलाबाईंचं मत होतं. बायका खूष राहिल्या असत्या, मिसनी वहीत चांगलं लिहिलं असतं, आणि नोकरी राहिली असती. नीलाबाईंनी हे सगळं त्या क्षणी पाहिलं. पण त्यांनी मुलीचा चेहराही पाहिला. उद्या कधी हे उघडकीला आलं, तर या घरातलं प्रत्येक दुखणंखुपणं लोक या एका बोटापाशी आणून ठेवतील. नीलाबाईंचा शकुनावर विश्वास नव्हता. मुलीचा असणार होता.

त्यांनी मुलीचं मनगट धरलं.

"थांब बाळा. मला नवरा नाही. सहा वर्षं झाली, वारले."

बायकांचं हसणं थांबलं. कोपऱ्यातल्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला. सुहासिनीनं सासूकडे पाहिलं. अलकनंदाबाईंचा चेहरा आधी नुसताच गोंधळला, आणि मग त्यावर जे आलं ते अपशकुनाचं भय नव्हतं, राग होता.

"मग नगरला छापखान्यात कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

अलकनंदाबाईंनी मान फिरवली. "सुहासिनी, घोसाळकरवहिनी थांबल्यात, त्यांना लाव," एवढंच म्हणाल्या.

नीलाबाई स्वयंपाकघरात गेल्या. तिथे पाटावर भाऊसाहेबांची आई बसल्या होत्या, आलवण नेसलेल्या, तिळाच्या वड्या पाडत. सगळे त्यांना ताईआजी म्हणत. अशा दिवशी त्या बाहेर येत नसत. त्यांनी दुसरा पाट पायानं सरकवला.

"बस."

नीलाबाई बसल्या.

"मला माहीत होतं," ताईआजी म्हणाल्या. "पहिल्या वर्षीच ओळखलं. नवरा असलेली बाई नवऱ्याच्या तक्रारी करते. तुझा कधी चुकतच नव्हता."

"मग बोलला नाहीत?"

"तू बसवला होतास छापखान्यात. मी कशाला उठवू?" त्यांनी एक वडी नीलाबाईंच्या हातावर ठेवली. "खा. गूळ कोल्हापूरचा आहे."

नीलाबाईंनी वडी हातातच धरली. लोकांच्या घरी जाऊन त्या चार वर्षं सांगत होत्या की देवापुढे विधवा-सवाष्ण असं काही नसतं, आणि स्वतः त्याच गोष्टीला भिऊन लपल्या होत्या. आपल्या सांगण्यावर आपलाच विश्वास नव्हता, हे त्या पाटावर बसून त्यांना कळलं, आणि फार वाईट वाटलं.

निघताना अलकनंदाबाई दारापर्यंत आल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये मिस ब्रँडन भारावल्या होत्या. "तुम्ही त्या मुलीचा हात धरलात आणि एकच वाक्य बोललात," त्या म्हणाल्या, "आणि सगळी खोली गप्प झाली. एक बाई तर रडत होती. मी मोठमोठ्या सभांमध्ये ख्रिस्ताची अशी साक्ष ऐकली नाही. काय सांगितलंत?" त्यांनी वही उघडली होती. पेनाचं टोपणही काढलं होतं.

नीलाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. आता नुसतं 'साक्षच दिली' म्हणायचं होतं. बायबलमधलं एखादं वचन सांगितलं असतं तरी चाललं असतं. विचारायला मिसबाई परत टिपणिसांकडे जाणार नव्हत्या, आणि गेल्या तरी गव्हापलीकडे काही निघालं नसतं. पण पुन्हा ती माती खायची त्यांची छाती होईना.

"साक्ष नव्हती," त्या म्हणाल्या. "माझा नवरा मेला आहे, असं सांगितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. मी त्यांना चार वर्षं खोटं सांगितलं होतं."

मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांचं इंग्रजी मिशन शाळेतलं, क्रियापदं जपून वापरणारं; सफदरजंगपासून कॅनॉट प्लेसपर्यंत ते पुरलं. मिस ब्रँडन ऐकत राहिल्या. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावून विचारलं, "आणि हे मला का लावलं?"

"तुमचं लग्न अजून व्हायचं आहे म्हणून."

मिस ब्रँडन मोठ्यानं हसल्या. कंडक्टरनं वळून पाहिलं. हसू ओसरल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"जिच्यासाठी दारं उघडतात अशी एक बाई मला हवी आहे. ते घर आता तुम्हाला दार उघडेल?"

"माहीत नाही."

"माझं पत्र पुढच्या शुक्रवारी जायचं आहे. गुरुवारी एकट्या जाऊन या. दार उघडलं तर पत्रात तुमचं नाव. नाही उघडलं, तर तेही मला सांगा. खरं सांगाल याची आता खात्री आहे."

तो आठवडा नीलाबाईंनी कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी ट्रंक आवरली, राहुरीला लिहायच्या पत्राचा मायना लिहिला आणि तो कागद फाडला. गुरुवारी दुपारी त्या टिपणिसांच्या दारासमोर उभ्या राहिल्या. कडी वाजवली. आतून कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा वाजवायला हात उचलेना. परत फिरणार तोच दार उघडलं.

अलकनंदाबाई होत्या. हातात लोकरीचं विणकाम. "या," त्या म्हणाल्या. स्वर कोरडा होता.

दोघी बाहेरच्या खोलीत बसल्या. ताईआजी आत झोपल्या होत्या, सून श्रीरंगबरोबर दिल्लीबाहेरच्या कुठल्याशा खेड्यात त्याच्या सर्व्हेच्या कामावर गेली होती. अलकनंदाबाई सुया चालवत होत्या आणि वर पाहत नव्हत्या. नीलाबाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं, आणि ते मांडीवर तसंच मिटलेलं राहिलं.

"ह्यांच्याबद्दल मी तुम्हाला काय काय सांगितलं चार वर्षांत," अलकनंदाबाई शेवटी म्हणाल्या. "कुणाला सांगितलं नाही ते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि तुमचं मला काही दिलं नाहीत. मला त्याचा राग आला. कुंकवाचा नव्हता."

"समजलं होतं मला."

"सुहासिनी म्हणाली, बाईंनी माझा विचार केला. तेही बिल्कुल खरं आहे." आणखी दहा-बारा टाके झाले. मग त्यांनी सुया थांबवल्या आणि पहिल्यांदा वर पाहिलं. "नाव काय होतं त्यांचं?"

नवरा होता तेव्हा रिवाज म्हणून त्याचं नाव घेतलं नाही. गेला, तेव्हा कुणी विचारलं नाही. राहुरीला नाही, दिल्लीला नाही, नियुक्तीच्या अर्जात नुसतं विधवा लिहायला जागा होती. सहा वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नव्हतं.

"विनायक," त्या म्हणाल्या.

"काय आवडायचं?"

"कांद्याची भजी. शाईच्या हातांनीच खायचे. हात धुतो म्हणायचे आणि कधी धुवायचे नाहीत. कपबशीला, दाराला, माझ्या पातळाला, सगळीकडे काळी बोटं." एवढं बोलून नीलाबाईंना रडू आलं. चार माणसांत रडावं तसं नव्हे, मोठ्यानं, नाकाडोळ्यांतून पाणी येईल असं.

अलकनंदाबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं, उठून बाहेरचं दार लावून घेतलं, आणि जवळ येऊन बसल्या. "सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा. मला संध्याकाळपर्यंत काही काम नाही."